टेक्सासचा जाहीरनामा आणि अंजनवेलची वीज

9 नोव्हेंबर 2001 रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना भेटले. 11 सप्टेंबरच्या हल्ल्याला जेमतेम दोन महिने झाले होते आणि अफगाणिस्तानात युद्ध पेटलेलं होतं. अशा भेटीआधी राष्ट्राध्यक्षांसाठी बोलायच्या मुद्द्यांचं टिपण तयार होतं. त्या टिपणात दाभोळच्या वीजप्रकल्पाचा मुद्दा होता. आदल्या दिवशी तो गळला. त्याच 8 नोव्हेंबरला एनरॉनने, म्हणजे या प्रकल्पामागच्या टेक्सासमधल्या ऊर्जा कंपनीने, 1997 पासूनचे आपले नफ्याचे आकडे खाली आणून नव्याने जाहीर केले होते. महिना उलटायच्या आत, 2 डिसेंबरला, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

हा मुद्दा बुश यांच्या राजवटीत तोवर बराच फिरून आलेला होता. जूनच्या अखेरीस उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी सोनिया गांधींच्या भेटीत दाभोळचा विषय काढला. महाराष्ट्रात तेव्हा काँग्रेस आघाडीचं सरकार होतं, म्हणून सोनिया गांधी. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या देखरेखीखाली दाभोळसाठी अधिकाऱ्यांचा एक गटही काम करत होता. गुहागर तालुक्यातली अंजनवेल, वेलदूर, रानवी ही गावं. तिथल्या एका प्रकल्पाची थकबाकी जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या सुरक्षा यंत्रणेच्या टेबलावर का यावी, हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षं सोडत नाही. दाभोळवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. ते बहुतेक आपल्या बाजूने लिहिलं गेलं: मंत्रालय, एमएसईबी म्हणजे राज्य वीज मंडळ, फेरवाटाघाटी. मला ते दुसऱ्या टोकाकडून, टेक्सासकडून पाहायचं आहे. 1999 साली तिथला एक गव्हर्नर राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, त्या प्रचाराकडून.

अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. तो लोकांनी निवडून दिलेला, राज्य चालवणारा, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा माणूस. बुश 1994 साली अ‍ॅन रिचर्ड्स यांना हरवून टेक्सासचे गव्हर्नर झाले आणि 1998 साली पुन्हा निवडून आले. त्याआधीची त्यांची बरीच वर्षं तेलात गेली. बालपण पश्चिम टेक्सासच्या मिडलंडमध्ये, आणि मिडलंड म्हणजे तेलाच्या विहिरींवर जगणारं गाव. 1977 साली त्यांनी ‘आर्बुस्तो’ नावाची कंपनी काढली. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ झुडूप, म्हणजे बुशच. ती फारशी चालली नाही. एका कंपनीत विलीन होत, दुसरीला विकली जात ते शेवटी हार्कन एनर्जीच्या संचालक मंडळावर पोचले. तेलाचा माणूस असणं हा गुन्हा नाही. ऊस पिकवणाऱ्या घरातला आमदार साखरेच्या प्रश्नावर जास्त जाणतो, तसंच हे. माझा आक्षेप त्यांच्या मुळांना नाही.

आक्षेप सुरू होतो तो प्रचाराच्या पैशापासून. त्या काळी अमेरिकेत एका व्यक्तीला एका उमेदवाराला पक्षांतर्गत निवडणुकीसाठी जास्तीत जास्त 1,000 डॉलर देता येत होते. वॉटरगेट घोटाळ्यानंतर ही मर्यादा आली, आणि 1976 पासून मर्यादेत खर्च करणाऱ्या उमेदवाराला सरकारी तिजोरीतून जोडनिधीही मिळू लागला. बुश यांनी हा जोडनिधी नाकारला, म्हणजे खर्चाची मर्यादाही झुगारली. तसं करून पक्षाची उमेदवारी जिंकणारे ते पहिलेच. 1999 च्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी 3 कोटी 60 लाख डॉलरहून अधिक निधी जमवला. तोवर कोणीही एवढ्या लवकर एवढा पैसा उभा केलेला नव्हता.

एकेका माणसाकडून हजारच डॉलर घेता येत असताना हे जमलं कसं? प्रचाराने ‘पायोनियर’ नावाची एक पायरी तयार केली. आपल्या ओळखीपाळखीतून किमान 1 लाख डॉलर गोळा करून देणारा तो पायोनियर. प्रत्येकाला एक क्रमांक दिला जाई आणि त्याने आणलेल्या धनादेशांवर तो क्रमांक लिहिलेला असे. कोणी किती आणलं याचा हिशेब त्यामुळे अचूक राही.

मला या साऱ्या प्रकरणात हा क्रमांक सगळ्यांत बोलका वाटतो. कायद्याला देणाऱ्याचं नाव हवं होतं, ते प्रचाराने दिलं. देणगीदारांच्या याद्या बुश यांच्या प्रचाराने इंटरनेटवरही टाकल्या आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण शंभर लोकांचे शंभर धनादेश एका कंपनीच्या अध्यक्षाच्या शब्दावरून आले असतील तर ते यादीत शंभर वेगवेगळ्या नागरिकांचे दिसतात. त्यांना बांधणारा धागा फक्त प्रचाराच्या वहीत असतो. आपल्याकडे लग्नात मांडवाच्या तोंडाशी आहेराची वही घेऊन कुणीतरी बसलेलं असतं. ती वही म्हणजे करार नव्हे. पाचशेचा आहेर केलेला माणूस उद्या दारात येऊन काही मागत नाही. तरी वही लिहितात ती परतफेडीसाठीच, आणि वर्षांनी त्याच्या घरी कार्य निघालं की घरातली बाई ती वही उघडून पाहते. देणाराही हे जाणतो, घेणाराही. कायद्याने तिथे पकडण्यासारखं काहीच नाही.

एनरॉनचे प्रमुख केनेथ ले हे असे एक पायोनियर होते. बुश त्यांना लाडाने ‘केनी बॉय’ म्हणत. ‘सेंटर फॉर पब्लिक इंटेग्रिटी’ या संस्थेने 2000 साली केलेल्या मोजणीत बुश यांच्या एकूण राजकीय कारकिर्दीला सर्वाधिक पैसा पुरवणाऱ्यांत एनरॉन आणि तिचे अधिकारी पहिल्या क्रमांकावर होते. प्रचाराची निधी-व्यवस्था सांभाळणारे डॉन एव्हान्स हे टॉम ब्राउन या तेल-वायू कंपनीचे प्रमुख आणि बुश यांचे मिडलंडपासूनचे मित्र. पुढे ते वाणिज्यमंत्री झाले. परराष्ट्र धोरणावर सल्ला देणाऱ्या कोंडोलिझा राइस शेव्हरॉनच्या संचालक मंडळावर होत्या. कंपनीने एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नावही दिलं होतं. उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार शोधायचं काम बुश यांनी चेनी यांच्याकडे सोपवलं आणि शेवटी चेनी यांचीच निवड झाली. ते 1995 पासून हॅलिबर्टन या तेलक्षेत्राला सेवा पुरवणाऱ्या कंपनीचे प्रमुख होते.

छापील जाहीरनामा वाचला तर यातलं काही दिसत नाही. ‘सहृदय परंपरावाद’ ही त्याची घोषणा होती. दहा वर्षांत 1.3 लाख कोटी डॉलरची करकपात, शाळांच्या निकालांवर देखरेख, निवृत्तिवेतनाचा काही भाग खासगी खात्यांत, लष्कराची नव्याने उभारणी. ऊर्जेच्या बाबतीत अलास्कातल्या आर्क्टिक अभयारण्यात तेल काढायला परवानगी आणि देशांतर्गत उत्पादनावर भर. आणि 29 सप्टेंबर 2000 रोजी मिशिगनमधल्या सॅगिनॉ इथे बुश यांनी एक वचन दिलं ते अनेकांना चकित करणारं होतं. वीजकेंद्रांच्या धुरातले चार घटक, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड, पारा आणि कार्बन डायऑक्साइड, सक्तीने कमी करायला लावू, असं ते वचन होतं. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत ते त्यांचे डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी अल गोर यांच्याही पुढे गेले.

‘सक्तीने’ या शब्दाची पारख करायला टेक्सासचा अनुभव हाताशी होता. 1971 च्या टेक्सासच्या स्वच्छ हवा कायद्याने तेव्हा अस्तित्वात असलेल्या कारखान्यांना नव्या परवान्यातून सूट दिली होती. ते यथावकाश बंद पडतील असा अंदाज होता, पण पंचवीस वर्षांनंतरही त्यांचा धूर चालूच होता. 1997 साली गव्हर्नर बुश यांच्या कार्यालयाने तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन यावर उपाय आखला, तो ऐच्छिक परवान्याचा. ज्याला वाटेल त्याने धूर कमी करावा. 1999 साली त्याचा कायदा झाला. त्याच वर्षी धुरकट हवेच्या दिवसांत ह्यूस्टनने लॉस एंजेलिसला मागे टाकलं. हेही सांगायला हवं की त्याच 1999 साली बुश यांनी वीज-बाजार खुला करण्याच्या ज्या कायद्यावर सही केली, त्यात जुन्या वीजकेंद्रांना धूर कमी करण्याची सक्ती होती आणि 2009 पर्यंत 2,000 मेगावॅट नवी अपारंपरिक वीज उभारण्याचं बंधन होतं. ते उद्दिष्ट मुदतीच्या कितीतरी आधी गाठलं गेलं. पवनऊर्जेत टेक्सास आज अमेरिकेत पहिला आहे, त्याचं एक मूळ तिथे सापडतं. म्हणजे हा गव्हर्नर सक्ती करू शकत होता. कुठे करायची आणि कुठे नाही, हे ठरताना खोलीत कोण बसलं होतं, त्यावर सगळं अवलंबून होतं.

सॅगिनॉचं वचन 13 मार्च 2001 रोजी मोडलं. चार सिनेटरांना लिहिलेल्या पत्रात बुश यांनी कार्बन डायऑक्साइडवर सक्ती करणार नसल्याचं कळवलं. कारण दिलं कॅलिफोर्नियातल्या वीजटंचाईचं आणि वाढत्या दरांचं. पर्यावरण खात्याच्या प्रमुख क्रिस्टीन टॉड व्हिटमन थोडे दिवस आधी हेच वचन जाहीरपणे, परदेशातल्या मंत्र्यांसमोरही, सांगून आल्या होत्या. त्या स्वतः न्यू जर्सीच्या माजी गव्हर्नर.

इथे सरधोपट निष्कर्ष काढणाऱ्याची पंचाईत होते, आणि मला वाटतं इथेच थांबून नीट पाहायला हवं. एनरॉनला कार्बनवर बंधन हवंच होतं! ती नैसर्गिक वायू विकत होती, झोंड ही पवनचक्क्यांची कंपनी तिने 1997 साली विकत घेतली होती, आणि उत्सर्जनाच्या परवान्यांचा व्यापार सुरू झाला असता तर त्यातही तिला कमाई दिसत होती. सर्वांत मोठ्या देणगीदाराची या प्रश्नावर हार झाली. जिंकला तो कोळसा आणि कोळशावर चालणाऱ्या वीजकंपन्या. ‘ऊर्जा-उद्योग’ असा एकसंध प्राणी नसतो. त्यात भाऊबंदकी असते.

कोळशामागे फक्त पैसा होता असंही नाही, तिथे मतं होती. वेस्ट व्हर्जिनिया हे खाणकामगारांचं राज्य. 1988, 1992 आणि 1996, तिन्ही वेळा तिथे डेमोक्रॅटिक उमेदवार जिंकला होता. 2000 साली ते बुश यांच्याकडे गेलं. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातली त्याची पाच मतं गेली असती तर बुश 271 वरून 266 वर, म्हणजे बहुमताच्या खाली, आले असते आणि फ्लोरिडातल्या 537 मतांचा सारा वाद व्यर्थ ठरला असता. खाण बंद पडली तर पोराबाळांना काय घालू, ही खाणकामगाराची धास्ती खरी होती. तिला मी कंपन्यांचं कारस्थान म्हणणार नाही. गिरणगाव ज्यांनी पाहिलंय त्यांनी तर ते मुळीच म्हणू नये. पण त्या धास्तीला उत्तर द्यायचं तर खाणीनंतरच्या रोजगाराचा आराखडा हवा होता, आणि तो कुणीच मांडला नाही.

सत्तेवर आल्यानंतर नवव्या दिवशी, 29 जानेवारी 2001 ला, चेनी यांच्या अध्यक्षतेखाली ऊर्जा धोरणाचा गट नेमला गेला. मे महिन्यात अहवालही आला. एनरॉनचे लोक या गटाला वा चेनी यांना किमान सहा वेळा भेटले, हे उपराष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने जानेवारी 2002 मध्ये मान्य केलं. 17 एप्रिल 2001 च्या भेटीत ले यांनी चेनी यांच्या हाती एक टिपण दिलं. कॅलिफोर्नियात विजेच्या घाऊक दरांना मर्यादा घालू नये, असा त्यात आग्रह होता. दुसऱ्याच दिवशी चेनी यांनी एका मुलाखतीत दरमर्यादेला विरोध केला. त्या काळात कॅलिफोर्नियात पाळीपाळीने वीज जात होती. एनरॉनचे व्यापारी त्या बाजारात कृत्रिम कोंडी करून कसे पैसे काढत होते, ते कंपनीच्याच कागदांतून मे 2002 मध्ये उघड झालं. गटाला आणखी कोण कोण भेटलं, ही यादी मागायला अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाला कोर्टात जावं लागलं. ते हरलं.

आता अंजनवेल. दाभोळ प्रकल्पाचा सामंजस्य करार जून 1992 चा, वीज खरेदी करार डिसेंबर 1993 चा. जागतिक बँकेने 1993 सालीच तो आर्थिकदृष्ट्या न परवडणारा म्हणून कर्ज नाकारलं होतं. कराराची मेख स्थिर आकारात होती. एमएसईबीने वीज उचलली नाही तरी प्रकल्पाच्या क्षमतेपोटीचे पैसे द्यायचेच, आणि हिशेब डॉलरशी बांधलेला. विजेची मागणी कमी असेल तेव्हा मंडळ कमी वीज उचले, तसा तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर पडून दर आणखी चढे. 1999 च्या मे महिन्यात पहिला टप्पा सुरू झाला आणि पुढे काही महिने हा दर युनिटला सात रुपयांवर गेला. ‘एनरॉन अरबी समुद्रात बुडवू’ म्हणत 1995 साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने करार आधी रद्द केला आणि काही महिन्यांत मोठ्या क्षमतेसह पुन्हा केला. 1997 साली प्रकल्पाला विरोध करणाऱ्या वेलदूरच्या बायकांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. ह्यूमन राइट्स वॉचने 1999 सालच्या अहवालात त्याची नोंद केली आहे. अखेर मे 2001 मध्ये मंडळाने करार मोडला, प्रकल्प बंद पडला.

बुश यांनी हा करार घडवला नाही. तो घडला तेव्हा ते गव्हर्नरही नव्हते. दाभोळसाठी भारतावर दबाव आणला तो आधी क्लिंटन सरकारने. 1995 साली करार रद्द होऊ लागला तेव्हा अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने उघड इशारा दिला होता, आणि भारतातले तेव्हाचे राजदूत फ्रँक विस्नर पद सोडल्यावर एनरॉनच्याच तेल-वायू कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. ओपिक या अमेरिकी सरकारी संस्थेचं कर्ज आणि विमा दाभोळमध्ये अडकले होते, म्हणून करदात्यांच्या पैशासाठी सरकारने बोलणं भाग होतं, असा बचाव केला जातो. तो पोकळ नाही.

बुश यांचा याहून मोठा बचाव वेगळाच आहे. ऑक्टोबर 2001 मध्ये ले यांनी अर्थमंत्री आणि वाणिज्यमंत्री दोघांना फोन केले, आणि सरकारने एनरॉनला वाचवलं नाही. पैसा खाल्ला असता तर बुडू दिलं असतं का? शिवाय ले यांनी 1994 साली अ‍ॅन रिचर्ड्स यांनाही देणगी दिली होती, जरी बुश यांना जास्त दिली. गोर यांच्या घराण्याकडे ऑक्सिडेंटल पेट्रोलियमचे शेअर होते, आणि त्यांच्याच सरकारने कॅलिफोर्नियातलं एल्क हिल्सचं सरकारी तेलक्षेत्र ऑक्सिडेंटलला विकलं. सगळे सारखेच, मग एकट्या बुश यांना धारेवर का धरायचं?

या बचावात लाच ही एकच कसोटी मानलेली आहे. लाच म्हणजे ठरलेल्या कामाचे ठरलेले पैसे. मराठीत दुसरा एक शब्द आहे, भीड. भिडेखातर माणूस जे करतो ते कुठल्याही करारात नसतं. फोन घेणं, वेळ देणं, चार शब्द टाकणं. 1997 साली एनरॉनला पेनसिल्व्हेनियाच्या वीज-बाजारात शिरायचं होतं तेव्हा गव्हर्नर बुश यांनी तिथले गव्हर्नर टॉम रिज यांना फोन केला. ले यांनी पत्र लिहून त्यांचे आभार मानले. त्याच वर्षी उझबेकिस्तानचे राजदूत टेक्सासला येणार होते, तेव्हा त्यांना भेटावं म्हणून ले यांचं पत्र गव्हर्नरांकडे आलं. एनरॉनला उझबेकिस्तानात वायूचा मोठा व्यवहार करायचा होता. यातलं काहीही बेकायदा नाही. कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली की भीड संपते, कारण तेव्हा मदत करणं महागात पडतं आणि सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. भीड चालते ती त्याच्या आधी, कुणी बघत नसताना, लहानसहान गोष्टींत. म्हणून ऑक्टोबर 2001 मध्ये फोन ऐकून कुणी हललं नाही, याने जून 2001 मधल्या चेनींच्या शब्दांचा खुलासा होत नाही. ओपिकच्या थकबाकीसाठी राजदूताचं पत्र पुरेसं होतं. उपराष्ट्राध्यक्षाने विरोधी पक्षनेत्याकडे विषय काढायला आणखी काहीतरी लागतं.

सगळेच असे असतील तर तक्रार सोडून द्यायची नसते, ती सगळ्यांवर लागू करायची असते. माझी मागणी साधी आहे. उमेदवारासाठी पैसा गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याने जमवलेली रक्कम मतदानाआधी जाहीर व्हावी, देणाऱ्याच्या नावाइतक्याच सक्तीने. आणि निवडून आल्यावर तो माणूस कुणाला, कधी, कशासाठी भेटला, याची नोंद मागितली की मिळावी. पोकळ जाहीरनामा ओळखायला मतदाराकडे तेवढाच उपाय आहे. सॅगिनॉचं वचन ऐकताना मिशिगनच्या माणसासमोर पायोनियरांची यादी त्यांच्या धंद्यांसकट असती, तर त्याने किमान एक प्रश्न विचारला असता.

अमेरिकेत निदान उशिराने का होईना, दाभोळवरचे ई-मेल माहितीच्या कायद्याखाली आणि संसदेच्या चौकशीतून बाहेर आले. चेनी सोनिया गांधींशी काय बोलले ते आपल्याला तिथून कळलं. आपल्या बाजूला काय बोललं गेलं, ते कुठूनच कळलं नाही. 1995 साली एनरॉनच्या एका उपाध्यक्ष बाईंनी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर सांगितलं होतं की भारतीयांना ‘शिक्षित’ करण्यावर कंपनीने 2 कोटी डॉलर खर्च केले. ते कुणाच्या शिक्षणावर गेले, याचा तपशील महाराष्ट्राला मिळाला नाही. या व्यवहारातल्या जबाबदारीचं प्रकरण वर्षानुवर्षं सर्वोच्च न्यायालयात पडून राहिलं. एप्रिल 2019 मध्ये, इतक्या वर्षांनी ते पुढे नेण्यात अर्थ उरला नाही असं सांगून न्यायालयाने ते बंद केलं. त्याच महिन्यात लोकसभेचं मतदान सुरू झालं होतं. त्या दिवसांत निवडणूक रोखे कुणी विकत घेतले आणि ते कोणत्या पक्षाने वटवले, हे मतदारांना कळलं मार्च 2024 मध्ये.